अक्काचा जबाब

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मला निवृत्त होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती आणि मी नांदेडला मुलाकडं राहत होते. एका सकाळी आमच्या जुन्या हजेरी मेजरांचा फोन आला. हजेरी मेजर म्हणजे ठाण्यात कुणाला कुठली ड्यूटी द्यायची ते ठरवणारा जमादार. त्यांना खात्यातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती, तरी आम्हा सगळ्यांची खबर तेच ठेवायचे. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कुणाची सून बाळंत झाली, कोण गेलं, हे त्यांच्या फोनवरून कळायचं. पुढं मोबाईलवर निवृत्तांचा ग्रुप निघाला, पण मेजरांचा ग्रुपवर विश्वास नव्हता. लिहिलेलं कुणी वाचत नाही, फोनवर माणूस हूं तरी म्हणतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी त्यांनी आधी माझ्या साखरेची चौकशी केली. मग म्हणाले, "तुमच्या अक्काकडं एकदा जाऊन या. गुडघे पार गेलेत, तरी पाण्याच्या घागरी वाहून राहिल्यात. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील."

मी बरं म्हणाले. पण फोन ठेवल्यावर लगेच निघायचं धाडस होईना. कारण अक्काला भेटून मला नऊ वर्षं झाली होती. तिच्या निरोप समारंभालाही मी गेले नव्हते. बंदोबस्त आहे असं कळवलं होतं. बंदोबस्त नव्हता.

अक्का ही माझी सख्खी बहीण नव्हे. लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा पोलिसांत माणसं कमी होती, बायका तर बोटावर मोजण्याइतक्या. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मागवून घेतल्या. मी नांदेडकडून गेले, ती उस्मानाबादकडून आली. मी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात वडिलांनी दीक्षा घेतलेली. शिकायचं आणि नोकरी धरायची, एवढं एकच ते सांगायचे. बहात्तरच्या दुष्काळात मी आईबरोबर खडी फोडली होती, त्यामुळं भरतीच्या मैदानात मला काही जड गेलं नाही. अक्का निलंग्याकडची, जमीनजुमला असलेल्या शेतकऱ्याची लेक. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला. दिरांनी जमिनीचा वाटा देताना हात वर केल्यावर ती भरतीला उभी राहिली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिच्या भागात मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

नव्या जिल्ह्यात सगळंच नवं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, टेबलं उसनी, आणि बायकांना राहायला क्वार्टर म्हणून काही नाहीच. आम्ही दोघी खोली शोधत फिरलो. एका ठिकाणी घरमालकिणीनं अक्काचं आडनाव विचारलं, तिच्या गावची ओळख निघाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "आम्ही एकाच घरच्या." खोली मिळाली. सामान लावून झाल्यावर मी तिला सांगितलं की हे मला आवडलं नाही. माझ्या बापानं मला नाव लपवायला शिकवलेलं नाही. ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मालकिणीला खरं सांगून आली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही ट्रंका घेऊन रस्त्यावर होतो. शेवटी आमच्या लोकांच्या वस्तीत एका निवृत्त शिक्षकाची खोली मिळाली. अक्का तिथं दोन वर्षं राहिली. वस्तीतल्या बायकांबरोबर विहारात वंदनेला बसायची, आणि सोमवारी तिचा उपासही करायची. कुणी काही विचारलं नाही.

पुढं माझं लग्न झालं. नवरा लोह्याकडं शाळेवर शिक्षक, मी लातुरात. पोलिस लाईनीत क्वार्टर मिळालं तेव्हा अक्काचं माझ्या शेजारचंच होतं. मुलगी झाली, आणि तीन महिन्यांत मला कामावर हजर व्हावं लागलं. पोरीला लाईनीतल्या एका म्हातारीकडं ठेवायचे. पोरगी वरचं दूध घ्यायची नाही. ड्यूटीवर माझी छाती भरून यायची, ब्लाऊज ओला व्हायचा, आणि खाकी साडीचा पदर घट्ट ओढून मी उभी राहायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. अक्काला सांगावं लागत नसे.

तेव्हाच ते घडलं. कोठडीतली एक बाई तापानं फणफणली म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवली होती. भावकीच्या मारामारीत जावेचं डोकं फुटलं, त्या गुन्ह्यातली. औशाकडच्या एका खेड्यातली, पंचविशीची, हडकुळी. तिच्यावर आम्हा दोघींचा पहारा होता. नियम असा की दोघींनी एकदम जागा सोडायची नाही आणि एकटीनंही विचारल्याशिवाय हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कानंच मला म्हटलं की जा, पोरीला पाजून ये, मी आहे. लाईन लांब नव्हती. मी गेले. पोरगी पिता पिता झोपली आणि तिच्याशेजारी मलाही झोप लागली. दीड तासानं धावत परत आले तर वॉर्डात गर्दी, खाट रिकामी, आणि अक्का भिंतीला टेकून उभी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई सापडली. पण चौकशी व्हायची ती झालीच. अक्कानं जबाब दिला की माझ्या सोबतिणीला मीच चहा आणायला पाठवलं होतं, आणि ती गेली तेवढ्यात माझा डोळा लागला. माझा जबाब घेतला तेव्हा मी तिचंच वाक्य म्हटलं. चहा आणायला गेले होते. लिहिणारा हवालदार ओळखीचा होता, त्यानं मान वर केली नाही. मला ताकीद मिळाली. अक्का तीन महिने निलंबित राहिली आणि तिची बढती कितीतरी वर्षं मागं गेली. मी पुढं सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. ती हवालदार म्हणून.

तिनं मला त्याबद्दल शब्दानं विचारलं नाही. निलंबनाच्या त्या तीन महिन्यांत तर तीच माझी पोरगी सांभाळायची. आणि त्यामुळंच मला तिच्यासमोर उभं राहणं जड जाऊ लागलं. नांदेडला बदलीची संधी आली तेव्हा मी ती घेतली. दिवाळीला फोन, दहावी-बारावीच्या निकालाला फोन, असं करत करत धागा बारीक होत गेला. तुटला नाही तो मेजरांमुळं. ते दर वेळी सांगायचे, अक्का तुमची आठवण काढत होत्या.

तर मी निघाले. दहा-दहा लिटरच्या दोन कॅन भरून घेतल्या. नांदेडला निदान चार दिवसांआड नळ यायचा. कंडक्टरनं कॅनकडं पाहिलं, विचारलं, लातूरला का? मी मान हलवली. त्यानं स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागं ठेवल्या आणि लोह्याला, अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा दोन्ही वेळा मागं वळून बघितल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं पांढरी पडली होती. पळसाच्या झाडांखाली जनावरं उभी होती, पण चरत नव्हती.

अक्काच्या गल्लीत शिरले तर प्रत्येक दारात निळे ड्रम, आणि ड्रमच्या झाकणांना कुलपं. पाण्याला कुलूप मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक थोराड बाई बसली होती. पांढरे केस, पायाला कापडी पट्टे, मांडीवर वही. टँकर यायचा होता आणि तीसेक बायका घागरी मांडून उभ्या होत्या. भांडणाचा आवाज नव्हता. अक्कानं मला पाहिलं, ओळखलं, आणि वहीत बोट ठेवून म्हणाली, "थांब जरा. आधी हे होऊ दे."

टँकर आला. ती एकेक घर पुकारत होती, पाइप धरणाऱ्या माणसाला किती घागरी ते सांगत होती. एकीनं मधे घुसायचा प्रयत्न केला तर अक्कानं नुसतं बघितलं, आणि ती बाई मागं सरली. आजारी म्हातारं असलेल्या घराला पहिलं पाणी, मग लेकरांची घरं. स्वतःचं नाव तिनं शेवटी पुकारलं. तिच्या वाट्याला दीड घागर आली. ती उचलायला वाकली तेव्हा मी पुढं झाले.

"कशाला आलीस एवढ्या उन्हाची?" घरात शिरल्यावर ती म्हणाली. मी म्हटलं, तुला न्यायला. माझ्याबरोबर नांदेडला चल, पाऊस पडेपर्यंत राहा. ती हसली. ती गेली तर गल्लीत दोन दिवसांत डोकी फुटतील, असं तिचं म्हणणं होतं, आणि वही बघता ते खोटंही वाटत नव्हतं. मग मी म्हटलं, तू येत नाहीस तर मी राहते. तिनं कॅनकडं पाहिलं, तांब्यात पाणी ओतलं, अर्धं मला दिलं आणि अर्धं स्वतः प्याली. गोड लागतंय, म्हणाली.

मी अकरा दिवस राहिले. सकाळी पहिल्या टँकरला ती खुर्चीवर आणि मी पाइपाशी. तिसऱ्या दिवशी मेजर आले, चौथ्या दिवशी एक जुना ड्रायव्हर आला. दोघं सत्तरीच्या पुढचे. मेजरांनी खिशातून शिट्टी काढली तर अक्कानं ती काढून घेतली, कारण गल्लीत एक तान्हं लेकरू झोपलेलं होतं. दुपारी ते दोघं ओसरीवर पडून जुन्या साहेबांच्या नकला करायचे. कोण कडक होता, कोण कडक दिसायचा, कुणी पावसात भिजणाऱ्या शिपायाला आपली छत्री दिली. अक्का आतून एखादं वाक्य टाकायची आणि दोघं गप्प व्हायचे. एकाच वाटीभर पाण्यात आम्ही चौघांनी हात धुतले आणि ते पाणी दारातल्या तुळशीला घातलं.

सातव्या-आठव्या दिवशीची दुपार असेल. त्या दिवशी कुणी आलेलं नव्हतं. मी अक्काच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. ती डोळे मिटून भिंतीला टेकली होती. बोलायचं म्हणून मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं. मी सांगितलं की त्या दिवशी मी नुसती पाजायला गेले नव्हते, मी झोपले होते. अर्ध्या तासात आले असते तर ती बाई पळाली नसती. तुझी नोकरी माझ्या झोपेनं खाल्ली, आणि मी चहाचं खोटं तुझ्या तोंडचं उचलून सही केली. निरोप समारंभालाही आले नाही, कारण तिथं सगळे तुला हवालदार म्हणणार होते आणि मला ते ऐकवलं नसतं. बोलता बोलता मी रडू लागले, तरी हात चालूच होते.

अक्कानं डोळे उघडले. माझा हात धरून थांबवला.

"तू असतीस तरी ती गेली असती," ती म्हणाली. "माझा डोळा लागला नव्हता. मी जागीच होते. मी तिला जाऊ दिलं."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, सावकाश, मधेमधे थांबत. त्या बाईची चार वर्षांची मुलगी गावाकडं आजीपाशी होती. दवाखान्यात भेटायला आलेल्या गाववाल्यानं सांगितलं की पोरीला गोवर निघालाय, अंग तापानं भाजतंय. तेव्हापासून ती बाई अक्काचे पाय धरत होती. एकदा बघून येते, उद्या परत येते, लेकराची शपथ. अक्कानं मला पाजायला पाठवलं ते मुद्दामच. जे काही होईल त्यात मी नको म्हणून. मग ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. पावलं वाजली. ती वळली नाही.

मी विचारलं, का गं? तुला माहीत होतं काय होईल ते.

अक्काला एक मुलगी होती आणि ती लहानपणीच गेली, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडं एका खोलीत राहूनही तिनं कधी सांगितलं नव्हतं. आता तिनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळातच. अक्का दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर होती, गावापासून दोन कोसांवर. पोर सासूपाशी, गोवरानं पडलेली. निरोप आला तेव्हा दुपार होती. कारकून म्हणाला, फोडलेल्या खडीचं मोजमाप होईपर्यंत कुणी हलायचं नाही, नाहीतर आठवड्याच्या हजेरीतून नाव कापीन. नवरा गेलेला, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. ती थांबली. मोजमाप संध्याकाळी झालं.

"मी पळत गेले गं," अक्का म्हणाली. "लई पळाले. पण मला कुणी दुपारी सोडलं न्हाई."

पंखा बंद होता, वीज गेलेली. मी पुन्हा तिच्या गुडघ्याला तेल चोळू लागले. मी स्वतः त्याच वर्षी तशाच एका केंद्रावर आईबरोबर खडी फोडत होते. सोळा वर्षांची होते, केंद्रावर मिळणारी सुकडी खायची आणि दिवस ढकलायचे. कुणाला आपलं लेकरू सोडून बसावं लागतं हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग अक्कानंच पुढचं सांगितलं. ती बाई परत येत होती. औशाच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाडीनं तिला गाठलं तेव्हा तिचं तोंड लातूरकडं होतं. अंगात ताप, पाय सुजलेले, आणि ती दवाखान्याकडं चालत होती. कागदावर मात्र शोध घेऊन पकडली असं आलं. अक्काला ते माहीत होतं, पण ती बोलू शकत नव्हती. ती परत येत होती असं म्हणावं, तर तिला जाऊ दिलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि दोघींचं संगनमत ठरून त्या बाईवरचा गुन्हा आणखी जड झाला असता. गाडीतून उतरताना तिनं अक्काकडं बघून एवढंच म्हटलं होतं, बाई, ताप उतरला पोरीचा.

"तेवढं कळलं, बास झालं मला," अक्का म्हणाली. "तीन महिने घरी बसले, तुझी पोरगी मांडीवर घेऊन. लई चांगले गेले ते महिने. आन् तू मात्र तोंड चुकवत राहिलीस. मला वाटायचं, तुला राग आलाय, मी खोटा जबाब द्यायला लावला म्हणून."

इतकी वर्षं दोघींनी एकमेकींबद्दल काय काय धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, एक फोन करून विचारायचं होतंस. ती म्हणाली, तू तरी कुठं विचारलंस? मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ती तक्रार करू लागली की तेल फार लावलंस, आता हे धुवायला पाणी कुठून आणू. जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं मी तिचे पाय पुसले.

मेजरांना हे सांगायचं की नाही, यावर दुसऱ्या दिवशी बरीच चर्चा झाली. मी म्हणत होते सांगू या, अक्का नको म्हणत होती. संध्याकाळी ते आले तेव्हा तिनं स्वतःच सांगून टाकलं, चहाचा कप हातात देता देता, जणू भाजीचा भाव सांगतेय. मेजरांनी कप खाली ठेवला. त्या काळात ड्यूट्या तेच लावायचे. निलंबनाचा कागदही त्यांच्याच हातून अक्काला गेला होता. ते म्हणाले की कागद देताना तुम्ही माझ्याकडं बघून हसला होतात, मला वाटलं बाईला लाज नाही. जाताना दारात त्यांनी टाचा जुळवल्या आणि अक्काला सॅल्यूट केला. हवालदाराला जमादार सॅल्यूट करत नाही. अक्का म्हणाली, उन्हानं डोकं फिरलंय यांचं, आणि आत निघून गेली.

अकराव्या दिवशी मुलगा न्यायला आला. अक्का आली नाहीच. पण त्या हिवाळ्यात तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं आणि ती आमच्याकडं तीन महिने राहिली. माझी मुलगी सासरहून येऊन तिच्याजवळ झोपायची. मी लेकीला सगळं सांगितलं होतं. तिनं अक्काला काही विचारलं नाही; फक्त रोज सकाळी तिला धरून अंगणात चालवायची आणि एकेक पाऊल मोजायची. लोहा, नायगाव, मुखेड, जिथं जिथं आमचे लोक निवृत्त होऊन राहिलेत तिथून माणसं भेटायला यायची. येताना कुणी हुरडा, कुणी बोरं, कुणी ज्वारीचं पीठ आणायचं. आमचं घर ठाण्यासारखं भरलेलं असायचं, आणि माझी सून हसून म्हणायची, आई, आज हजेरीला किती जण?

आता अक्का पुन्हा लातुरात आहे. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. नळाला पाणी कधी आलं, गल्लीतल्या कुठल्या पोरीला नोकरी लागली, मेजरांना ऐकू येईनासं झालंय आणि ते मशीन लावायला तयार नाहीत, हे सगळं ती सांगते. मागच्या रविवारी म्हणाली की पोलिस भरतीत आता शंभर-शंभर मुली धावतात, मैदानावर बघायला गेले होते, कुंपणाच्या बाहेर उभी राहून. मी विचारलं, कशा धावतात? ती म्हणाली, चांगल्या धावतात, पण एकीचे बूट मोठे होते, तिला कुणी सांगितलं नाही वाटतं की पुढं कापूस घालायचा असतो. मग तिनं स्वतःच कुंपणाजवळ बोलावून सांगितलं. पोरीनं विचारलं, आजी, तुम्ही कोण? अक्कानं काय उत्तर दिलं ते मी विचारलं, पण तेवढ्यात तिच्या दारात पाणी आलं आणि तिनं फोन ठेवला.